‘डेप्रिकेटेड’चा शिक्का कधी आणि कसा मारायचा? ग्नू रेडिओकडून शिकण्यासारखं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘जुनं उत्पादन, जुनी सेवा थांबवायची कशी’ हा विषय घेतला. त्यात ग्नू रेडिओचं उदाहरण दोन मिनिटांत उरकावं लागलं. इथे ते सविस्तर बघूया. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी शब्द समजून घेऊ

‘डेप्रिकेटेड’ म्हणजे बंद पडलेलं किंवा टाकाऊ, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरा अर्थ असा: आज हे चालतंय, पण नवीन कामासाठी घेऊ नका, कारण पुढे आम्ही हे काढणार आहोत. मिक्सर दुरुस्त करणारा सांगतो ना, “याचा कपलर अजून मिळेल, पण कंपनीने मॉडेल थांबवलंय, नवीन घेताना हे बघू नका.” अगदी तेच.

म्हणून जुन्या गोष्टीच्या चार अवस्था वेगळ्या ओळखायला शिका:

१. चालू – नवीन सुधारणा येतात.
२. फक्त दुरुस्ती – चूक सापडली तर निस्तरतात, नवीन काही येत नाही.
३. डेप्रिकेटेड – जाणार हे ठरलंय, पर्याय सांगितलाय.
४. वाली नसलेलं – कोणीच बघत नाही.

सगळा गोंधळ होतो तो या चौघांना एकच ‘जुनं’ म्हटल्यामुळे. दुसऱ्या अवस्थेतली गोष्ट लोक घाबरून सोडून देतात आणि चौथ्या अवस्थेतल्या गोष्टीवर बिनधास्त धंदा उभा करतात. नुकसान दोन्हीकडे आहे.

ग्नू रेडिओने काय केलं?

पूर्वी रेडिओमध्ये जे काम सर्किट करायचं, त्यातलं बरंचसं आता संगणकावरचं सॉफ्टवेअर करतं. टीव्ही बघण्यासाठी बनवलेला स्वस्त यूएसबी डोंगल लावूनसुद्धा लोक विमानांचे सिग्नल पकडतात. या क्षेत्रातलं ग्नू रेडिओ हे मोठं नाव. २००१ मध्ये सुरू झालेलं, मुक्त परवान्याचं आणि मुख्यतः समुदायाच्या जोरावर चालणारं सॉफ्टवेअर.

त्याची ३.७ ही मालिका २०१३ मध्ये आली आणि ३.८ आली २०१९ मध्ये. मधली सहा वर्षं लोकांनी ३.७ वर प्रचंड काम उभं केलं. मुख्य सॉफ्टवेअरच्या बाहेर, आपापल्या गरजेची जोड-मॉड्यूल्स लिहिली. कोणी प्रबंधासाठी, कोणी हौसेसाठी, कोणी कंपनीच्या कामासाठी.

आणि जमीन हलायला लागली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपणार होता. पडद्यावर आलेख, बटणं दाखवण्याच्या दोन पद्धती होत्या, डब्ल्यूएक्स आणि क्यूटी. त्यातली डब्ल्यूएक्स सांभाळणं जड जात होतं. मग त्यांनी तीन गोष्टी केल्या, त्या नीट बघा.

पहिली, आधी सांगितलं. डब्ल्यूएक्स जाणार, क्यूटीकडे वळा, ही सूचना ३.७ च्या काळातच दिली. प्रत्यक्षात काढलं ३.८ मध्ये.

दुसरी, पूल बांधला. ३.८ पायथन २ वरही चालायचं आणि ३ वरही. जानेवारी २०२१ मध्ये ३.९ आलं, तेव्हा पायथन २ सुटलं. लोकांना मधे एक पायरी मिळाली.

तिसरी, हत्यार दिलं. ब्लॉकची माहिती लिहायची पद्धत एक्सएमएलवरून यॅमलवर गेली, तेव्हा जुन्या फाइल्स बदलून देणारी सोय सोबत दिली.

तरीही सगळं सुरळीत झालं का? नाही. जोड-मॉड्यूल लिहिणारा विद्यार्थी शिक्षण संपवून नोकरीला लागलेला असतो. त्याच्याकडे वेळ कुठून येणार? अशी कितीतरी मॉड्यूल्स ३.७ वरच राहिली. मुख्य प्रकल्प पाटी लावू शकतो, पण प्रत्येकाचं घर तो हलवून देऊ शकत नाही.

शेवटच्या तारखेवरून शिक्का मारू नका

“यात चार वर्षांत काही बदल नाही, म्हणजे मेलं.” हे घाईचं बोलणं झालं. मोर्स कोड काही दर वर्षी बदलत नाही. तो वाचणारा छोटा प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल, तर त्यात बदल कशाला हवा?

पण तोच प्रोग्रॅम इंटरनेटला उघडा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सुरक्षेच्या फटी बुजवणारं कोणी नसेल, तर धोका खरा आहे. म्हणून वय बघू नका, तीन प्रश्न विचारा. आजच्या संगणकावर चालतंय का? कोणी तक्रारीला उत्तर देतंय का? बिघडलं तर नुकसान किती?

शिक्का मारायचा हक्क कोणाचा?

जो सांभाळतो त्याचा. बाहेरच्या माणसाने परस्पर ‘हे कालबाह्य आहे’ लिहिलं, तर फुकट राबणाऱ्याचं मन मोडतं आणि वापरणारेही पळतात. आधी त्याला विचारा. उत्तर आलं नाही तर ‘सांभाळणारा हवा आहे’ अशी पाटी जास्त खरी आणि जास्त उपयोगाची.

कारण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मालक थांबला म्हणून गोष्ट संपत नाही. एअरटाइम हे रेडिओ केंद्र चालवायचं सॉफ्टवेअर सोर्सफॅब्रिक या संस्थेचं. त्याच्या मुक्त आवृत्तीचं काम मंदावलं, तेव्हा २०१७ मध्ये वापरणाऱ्यांनीच त्यातून लिब्रेटाइम हा वेगळा प्रकल्प काढला आणि पुढे नेला. ‘मेलं’ म्हणून सगळे निघून गेले असते, तर हे झालं नसतं.

पाटीवर काय लिहायचं?

वाईट पाटी: “हे जुनं झालं आहे. वापरू नये.”

चांगली पाटी: “हे मॉड्यूल ग्नू रेडिओ ३.७ वर चालतं, ३.८ पासून पुढे चालत नाही. नवीन सुधारणा होणार नाहीत. नवीन कामासाठी अमुक मॉड्यूल घ्या. जुना कोड इथेच राहील. कोणाला पुढे न्यायचं असेल तर जरूर कळवा.”

दुसऱ्या पाटीत पाच उत्तरं आहेत: कुठे चालतं, काय थांबलं, पर्याय कोणता, जुन्याचं काय होणार, आणि बोलायचं कोणाशी. ‘जुनं’ हा शब्द एकदासुद्धा लागला नाही अपमान करायला!

तुमच्या धंद्यात हे कुठे बसतं?

तुम्ही एक्सेलमध्ये बिलाचा नमुना बनवून विकला असेल, जुन्या मॉडेलची सर्व्हिस देत असाल, क्लासचा जुना कोर्स बंद करणार असाल, तर हीच पाच उत्तरं ग्राहकाला द्यायची आहेत. ग्राहक जुनी वस्तू गेल्यामुळे एवढा चिडत नाही, जेवढा न सांगता गेल्यामुळे चिडतो. एकदा असा चिडलेला ग्राहक तुमची नवीन वस्तू घेताना दहा वेळा विचार करतो.

तुम्ही स्वतः मुक्त सॉफ्टवेअरवर काम करत असाल, तर उलटीकडूनही बघा. तुमचा धंदा कुणाच्या फुकट मेहनतीवर उभा आहे? तो माणूस थांबला तर तुमच्याकडे वेळ किती?

गृहपाठ

१. तुम्ही वापरता किंवा विकता अशा पाच जुन्या गोष्टींची यादी करा.
२. प्रत्येकीपुढे वरच्या चारपैकी अवस्था लिहा. अंदाजाने नको, तपासून.
३. त्यातली एक निवडा आणि तिच्यासाठी पाच उत्तरांची पाटी लिहून काढा. सहा ओळींपेक्षा मोठी नको.
४. ती पाटी तुमच्या एका जुन्या ग्राहकाला वाचायला द्या. त्याने “मग आता मी काय करू?” असं विचारलं, तर पाटी अजून अपुरी आहे. परत लिहा.

पुढच्या व्हिडिओत यालाच जोडून ‘जुन्या ग्राहकाला नवीन दर कसा सांगायचा’ हे बघू. तोपर्यंत कामाला लागा!