तीन सेकंद थांबा!

आपल्या प्रत्येक विंगमध्ये असा एक जण असतोच. मेसची गर्दी ओसरल्यावर जेवणारा, व्हायव्हात येत असलेलं उत्तरही गिळून टाकणारा. आपण त्याला 'शिष्ट' म्हणून मोकळे होतो. पण बऱ्याचदा तो शिष्ट नसतो, घाबरलेला असतो. सगळं लक्ष 'लोक हसतील का?' याकडे लागलं की पाठ असलेला ओहमचा नियमही आठवत नाही.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले, तशी उत्तरं मोठी झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. सर, मॅडम, एवढं कराल ना?

आता आपलं काम. 'अरे, बोल की!' असं चारचौघांत म्हणू नका. त्याने तो आणखी मिटतो. मी माझ्या बॅचमेटबरोबर व्हायव्हाच्या आदल्या रात्री रूमवरच प्रश्नोत्तरं करतो. आधी दोघांत, मग चौघांत. भीती अशी पायरीपायरीने उतरते.

मात्र जेवण, झोप, लेक्चर सगळंच सुटलं असेल, तर वॉर्डन सरांना सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. 'जगणं नकोसं झालंय' असं तो म्हणाला, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. चुगली वगैरे काही नसते हो, मैत्रीच असते ती!