घरातूनच विषाणू आला का?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाचं थॅलेसेमियासाठी दोन महिन्यांपूर्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. दाता त्याची ताई. आता रक्तात 'सीएमव्ही' विषाणू सापडलाय. त्याला ताप नाही. आमच्याकडून स्वच्छतेत चूक झाली का? ताईला आजीकडे पाठवू का?
– एक आई, सांगली

उत्तर : स्वतःला दोष देऊ नका. सीएमव्ही बहुधा बाहेरून आलेला नसतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि शरीरात निपचित पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दबलेली असताना तो डोकं वर काढतो. दर आठवड्याची रक्ततपासणी त्यासाठीच असते. लक्षणांआधी सापडला, हे चांगलंच झालं.

विषाणूचं प्रमाण पाहून डॉक्टर गॅन्सिक्लोव्हिर किंवा तोंडाने घ्यायचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतील. या औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवू नका. रिपोर्ट निवळला तरी औषध मनाने थांबवू नका.

ताईला घरीच राहू द्या. फक्त सर्दी-ताप असेल तर तिला वेगळं झोपवा. घरातल्यांनी फ्लूची लस टोचून घ्यावी. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल, तर पोलिओचे थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा. मुलाला गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षं नाहीत. कांजिण्या झालेल्या कुणाच्या जवळ तो गेला, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, धाप लागली, जुलाब झाले किंवा लघवीत रक्त दिसलं, तर रात्र असली तरी निघा. घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसू नका.