इंजिनाचा शाफ्ट: खरखरीतपणा व झीज

लेथवर कातलेला क्रँकशाफ्ट डोळ्यांस गुळगुळीत दिसला, तरी त्यावर हत्याराच्या बारीक चऱ्या राहतात. त्यांचा सरासरी खरखरीतपणा बहुधा १.६ ते ३.२ मायक्रॉन भरतो. ग्राइंडिंगनें तो ०.२ ते ०.८ पर्यंत उतरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बेअरिंगमधील तेलाचा थरही अवघा कांहीं मायक्रॉन जाड असतो. म्हणून मोठे उंचवटे तो भेदून बेअरिंगचा मऊ धातु खरवडतात, उष्णता वाढते व ऐन पाण्याच्या पाळीस इंजिन बंद पडतें.

सिलिंडर मात्र आरशासारखा नसावा; त्यांतील तिरप्या सूक्ष्म चऱ्या तेल धरून ठेवतात.

सबब शेतकरी बंधूंनीं शाफ्ट ग्राइंडिंग करूनच घ्यावा, दुरुस्त इंजिन आरंभीं हलक्या भारावर चालवावें व पहिलें तेल लवकर बदलावें. कारण झिजलेल्या उंचवट्यांचा कीस त्यांतच उतरतो.