चिंच, माती आणि कठीण धातू : संकरित अपघर्षण समजून घेऊया



बारामती-इंदापूर भागात ऊसतोडीचा हंगाम आला की कोयत्यांना धार लावायची गडबड सुरू होते. फिरत्या दगडावर कोयता टेकवला की ठिणग्या उडतात. धार लावणारा मात्र पातं सारखं पाण्यात बुडवतो. का बरं? पातं तापून निळं पडलं की पोलादाचं ‘पाणी उतरतं’, धार टिकत नाही आणि तोडणाऱ्याचा हात दुखून येतो. म्हणजे घासल्याने धार येते आणि घासण्याच्याच उष्णतेने ती जातेही.

कारखान्यात हीच अडचण मोठी होते. विमानात वापरलं जाणारं टायटॅनियमचं मिश्रधातू साध्या पोलादाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेतं. उष्णता हत्याराच्या टोकाशीच साचते. टंगस्टन कार्बाइड तर इतकं कठीण, की त्याला घासायला हिऱ्याच्या कणांचं चाक लागतं आणि तेही झिजतं.

मग उपाय काय? तांब्याचा तांब्या आठवा. नुसत्या मातीने घासला तर जोर लागतो, चरे पडतात. चिंच लावून घासला तर आम्ल काळा थर सैल करतं आणि माती तो हलकेच पुसून नेते. एक काम, दोन क्रिया, त्याही एकाच वेळी. यालाच संकरित पद्धत म्हणायचं. आधी एक आणि नंतर दुसरी क्रिया केली, तर ती संकरित नव्हे.

विद्युत-रासायनिक ग्राइंडिंगमध्ये असंच घडतं. वस्तू धनाग्र, धातूने बांधलेलं अपघर्षक चाक ऋणाग्र आणि मधून क्षारांचं द्रावण वाहतं. वीज कमी दाबाची असते. वस्तूचा धातू विरघळतो, पण पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरून काम अडतं. चाकाचे कण तो थर खरवडतात आणि ताजा धातू उघडा पडतो. सुमारे ९० टक्के किंवा त्याहून जास्त धातू रासायनिक क्रियेनेच निघतो. त्यामुळे दाब कमी, उष्णता कमी, चाकाची झीजही कमी. मर्यादा एकच मोठी : वस्तू वीजवाहक हवी. काच किंवा बहुतेक सिरॅमिकला ही पद्धत चालत नाही.

वर्गात करून पाहा : काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्याचे तीन भाग करा. एकावर नुसती चिंच, दुसऱ्यावर नुसती बारीक चाळलेली माती, तिसऱ्यावर दोन्ही. प्रत्येक भाग एक-एक मिनिट घासून निरीक्षण लिहा. राख घेऊ नका, ती अल्कधर्मी असल्याने आम्लाचा जोर कमी करते. विजेचा प्रयोग मात्र घरी नकोच.

“मेकॅनिकलला जायचंय, मग केमिस्ट्री कशाला?” असं मुलं विचारतात. दहावीच्या ‘धातुविज्ञान’ पाठातलं विद्युत अपघटन शिकवताना त्यांना हे भांडं दाखवा. उद्या बारामती एमआयडीसीत यंत्रावर उभं राहणाऱ्या मुलाला दोन्ही विषय एकाच वेळी लागणार आहेत.