जुन्या मालमोटारीची पाणगळती : शोध व दुरुस्ती

बैलाचें पोट दुखूं लागलें तर आपण वैरण वाढवून गप्प बसत नाहीं. दुखण्याचें मूळ शोधतों. मालमोटारीच्या बाबतींत मात्र रेडिएटरमधील पाणी कमी झालें कीं डबाभर पाणी ओतून आपण पुढें निघतों. पाणी ओतणें ही दुरुस्ती नव्हे, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

हा धडा आम्ही स्वतःच्या खर्चानें शिकलों. आमच्या घरची मालमोटार जुनी. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगांवाहून वाशीच्या बाजारास जाणें हें तिचें नित्याचें काम. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत तिला दर फेरीस चार-पांच लिटर पाणी लागूं लागलें. जुनी गाडी, एवढें चालावयाचेंच, असें म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. एके दिवशीं परत येतांना माळशेज घाटाच्या चढावर इंजिन उकळलें. चालकानें घाईनें रेडिएटरचें झाकण उघडलें आणि वाफेनें त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मूळ दोष एका सडलेल्या रबरी नळीचा. काम अर्ध्या तासाचें. परंतु तापून इंजिनचें हेड वांकलें, तें उतरवून सपाट करून घ्यावें लागलें. गाडी अकरा दिवस उभी राहिली आणि चालकास दोन महिने तो हात वापरतां आला नाहीं. पैसा पुढें भरून निघाला. त्या हातावरचा वण मात्र आमच्या नजरेसमोर रोज आहे.

म्हणून पहिला नियम असा कीं, गरम इंजिनाचें झाकण उघडूं नये. तें झाकण नुसतें बूच नाहीं. आंत दाब राखणारी ती झडप आहे. झाकणावर ०.९ असा आंकडा असेल, तर आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां तितके बार अधिक होईपर्यंत तें वाट देत नाहीं. एवढ्या दाबाखालीं साधें पाणीही १०० अंशांऐवजीं सुमारें ११८ अंश सेंटिग्रेडवर उकळतें. झाकण काढतांच दाब जातो आणि त्या पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होऊन उसळतो. वरची नळी हातास थंड लागेपर्यंत थांबावें. त्याचप्रमाणें तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये, लोखंड तडकतें.

आतां शोधाचा क्रम सांगतों. स्वस्त कारणें आधीं पाहावीं, महाग मागाहून.

१. सकाळीं इंजिन थंड असतां सर्व सांधे फडक्यानें कोरडे पुसून पाणी पूर्ण भरावें. गाडीखालीं कोरडा पुठ्ठा पसरावा. इंजिन तापेपर्यंत चालवून बंद करावें व पाव तास वाट पाहावी. बंद केल्यावर आंतील उष्णता थोडा वेळ वाढते आणि लपलेली गळती त्या वेळीं उघडी पडते. मिस्त्रीकडे दाब देण्याचा हातपंप असल्यास हेंच काम थंड इंजिनावर, अधिक खात्रीनें होतें.

२. प्रथम झाकण पाहावें. त्याचें रबर चिरलें किंवा स्प्रिंग मऊ झाली असेल तर पाणी वरूनच निघून जातें. झाकण बदलतांना आंकडा तोच असावा.

३. नंतर रबरी नळ्या. दाबून पाहाव्या, फुगलेली, भेगाळलेली अथवा लिबलिबीत नळी बदलावी. केवळ टोंक फाटलें असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा भाग कापून नळी पुन्हां बसवितां येते. पट्टा तोटीच्या उंचवट्याच्या आंतल्या बाजूस आवळावा, अगदीं कडेवर नव्हे.

४. पाण्याच्या पंपाच्या अंगास खालीं एक लहान भोंक असतें. तेथून थेंब येऊं लागले म्हणजे आंतील सील झिजलें. तें भोंक कधींही बुजवूं नये. इंजिन बंद असतां पंख्याचें पान हलवून पाहावें. दांडा खुळखुळत असल्यास पंप बदलावा.

५. रेडिएटरवर पांढरे किंवा हिरवट सुकलेले डाग दिसतील तेथें छिद्र समजावें. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरास डाग देतां येतो. प्लॅस्टिकच्या टाकीचा रेडिएटर फुटल्यास बहुधा बदलणेंच हिताचें.

६. इंजिनच्या अंगावर वाटीसारखीं पत्र्याचीं बुचें ठोकलेलीं असतात. तीं आंतून गंजून झिरपतात. त्यांच्याखालचे तांबडे ओघळ पाहावे.

बाहेर कोठेंच ओल नाहीं आणि पाणी तर कमी होतें, अशा वेळीं शंका आंत घ्यावी. थंड इंजिनाचें झाकण काढून इंजिन सुरू करावें. पाण्यांत बुडबुडे सतत येत राहिले, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर थांबेना, किंवा तेल दुधाळ चहासारखें दिसलें, तर हेड गॅस्केट गेलें असण्याचा संभव मोठा. तेलांत पाणी असतां इंजिन चालवूं नये, बेअरिंगें जातात. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानें, गाडीच्या पुस्तकांतील मापानें आवळावे लागतात. हें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे.

रेडिएटरमध्यें हळदीची पूड टाकून गळती थांबविण्याची युक्ति पुष्कळ चालक जाणतात. ती गांव गांठण्यापुरती ठीक. परंतु जी पूड छिद्र बुजविते तीच बारीक नळ्याही बुजविते. घरीं येतांच सर्व पाणी काढून आंतील भाग धुवावा.

दुरुस्तीनंतर विहिरीचें जड पाणी भरूं नये. त्याचा क्षार आंत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाहीं. निम्में कूलंट व निम्में बॅटरीचें शुद्ध पाणी घालावें, म्हणजे गंजही कमी धरतो. कूलंट हें बहुधा ग्लायकॉलचें असतें; तें गोड व विषारी आहे. सांडलेलें कुत्र्यानें वा वासरानें चाटलें तर त्याच्या मूत्रपिंडांवर घाला येतो. काढलेलें द्रव गोठ्याजवळ किंवा पाटांत टाकूं नये.

शेवटीं एक लहान सूचना. गाडींत एक वही ठेवावी आणि पाणी घातल्याची तारीख, माप व किलोमीटर टिपावे. आमच्या वहींत त्या उन्हाळ्याच्या नोंदी असत्या, तर पाणी वाढत चालल्याचें आम्हांस तिसऱ्याच फेरीस दिसलें असतें, आणि चालकाचा हात वांचला असता.