चाळीसगावचा टांगा आणि माँटगोमेरीची बस



आपल्या खानदेशात १९२९ साली काय घडले ते आधी ऐका. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. परमपूज्य बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले, तेव्हा महारवाड्यातील मंडळी हार घेऊन उभी होती. वस्ती दोन मैलांवर. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. तासभर बोलाचाली झाल्यावर टांगा भाड्याने मिळाला. हाकायचा मात्र तुमचा तुम्ही! आपला बॅरिस्टर पायी चालत वस्तीत यावा हे लोकांना सहन होईना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एका माणसाच्या हाती त्यांनी लगाम दिला. नदीच्या फरशीवर चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

असाच वाहनात बसण्याचा प्रश्न सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही होता. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसे साखळदंड घालून जहाजांत कोंबण्यात आली. त्यांपैकी सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. उरलेली अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व आसपासच्या बेटांवर गुराढोरांसारखी विकली गेली. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत माणसांचा व्यापार आहे, हे येथे आठवावे. संयुक्त संस्थानांत १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले आणि १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामी संपली. या कार्यासाठी झटलेल्या अमेरिकनांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. पुण्यात बसून जोतीरावांना ते नाते दिसले होते.

पण बेडी तुटली तरी जमीन मिळाली नाही. मोकळा झालेला गुलाम जुन्याच मालकाचे शेत वाट्याने करू लागला आणि कर्जात अडकला. आखाजीला साल धरणाऱ्या आणि उचलीपायी पुढच्या आखाजीलाही तेथेच राहणाऱ्या सालदाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १८९६ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीत काळ्यांचे डबे वेगळे ठेवणे कायदेशीर ठरवले. म्हणजे गुलामी गेली आणि विटाळ राहिला.

माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या जागा गोऱ्यांच्या. काळ्या माणसाने पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी उठण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली. जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिकेने रातोरात हजारो पत्रके छापली. काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, मजूर मैलोगणती पायी गेले; ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी इतरांना नेले. पुढारी मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा २६ वर्षांचे होते. त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला, तरी लोक बसमध्ये चढले नाहीत. असे ३८१ दिवस चालले.

तारखा जुळवून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक दीक्षा घेत होते, त्या दिवशी माँटगोमेरीचे लोक पायीच चालत होते. २१ डिसेंबरला ते बसमध्ये वाटेल त्या जागी बसले. त्याआधी पंधराच दिवस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. काळ्यांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तिकडचे विद्वान पुढारी डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

आता कोणी म्हणेल, चाळीसगावच्या लोकांनीही टांग्यांवर बहिष्कार टाकायचा होता. हे बोलणे सोपे आहे. माँटगोमेरीत दर चार उतारूंत सुमारे तीन काळे होते. ते उतरले आणि कंपनीचा गल्ला रिकामा झाला. खानदेशच्या खेड्यात आपली घरे मूठभर. मजुरी, दुकान, विहीर सारे दुसऱ्याच्या हाती. म्हणून तेथे बहिष्काराचे हत्यार आपल्यावरच चालवले गेले. शिवाय गोऱ्यांचा भेद कायद्यात लिहिलेला होता, तो न्यायालयाला खोडता आला. आपल्याकडे १९५० पासून राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. पण टांगेवाल्याला नकार द्यायला कोणत्या सरकारी कायद्याने शिकवले होते? त्याला ते धर्माने शिकवले होते. राज्यघटना लिहून झाल्यावरही बाबासाहेबांना दीक्षाभूमीवर का उभे राहावे लागले, याचे उत्तर मला यात दिसते.

त्या टांगेवाल्याचा आणखी विचार करा. तो गरीबच होता, दिवसभर घोड्यामागे राबणारा. तरी बॅरिस्टरपेक्षा आपण उंच, असे त्याला वाटत होते, हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. दीक्षा घेतलेल्या आपल्या घरात हा टांगेवाला शिरला आहे का? मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारली जाते का? शेतात आलेल्या भिल्ल बांधवाला चहा कोणत्या कपात दिला जातो?

चाळीसगावचा हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे. वर्षावासात एका संध्याकाळी तो घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आजी-आजोबांना जवळ बसवा. त्यांनाही असे टांगे आठवत असतील.