हायपोथिकेट म्हणजे काय? सही करण्याआधी समजून घ्या

दुकानासाठी कॅश क्रेडिट घेताना बँक सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पुढे करते. त्यात एक शब्द हमखास असतो: हायपोथिकेट. आपण 'माल तारण' एवढं ऐकतो आणि सही ठोकतो. मीही तेच केलं होतं.

शब्द मूळचा ग्रीक. 'हायपो' म्हणजे खाली, पुढचा भाग 'ठेवणे' या अर्थाचा. हायपोथिसिस याच घरातला. लॅटिनमार्गे हे क्रियापद 17व्या शतकात इंग्रजीत आलं. जुन्या अथेन्समध्ये तारण दिलेल्या जमिनीत कर्ज कोरलेला दगड रोवत. जमीन कसणारा तोच, पण दगड सांगायचा की हिच्यावर देणं आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसंच.

प्लेज वेगळं. आपल्या वाशीत (धाराशिवची हो, नवी मुंबईची नाही) कुणी सोनं बँकेत ठेवतं, कुणी शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवतं. तिथे ताबा जातो. 1872च्या करार कायद्यात प्लेज कलम 172 मध्ये आहे. हायपोथिकेशनची व्याख्या 2002च्या सरफेसी कायद्यात आहे. त्यात ताबा तुमच्याकडेच राहतो, बोजा बँकेचा.

मग माल विकायचा का? विकायचाच, त्यासाठीच तर तो आहे. पण विक्रीचा पैसा त्याच कॅश क्रेडिट खात्यात यायला हवा. माझी चूक इथेच झाली. काउंटरवरचा क्यूआर कोड बचत खात्याला जोडलेला होता. धंदा जोरात, पण कर्जखात्यात उलाढाल दिसेना. नूतनीकरणाच्या वेळी मर्यादा कमी झाली, तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

दुसरं, स्टॉक स्टेटमेंट. समजा माल 8 लाखांचा, त्यात व्यापाऱ्याची उधारी 2 लाख. उरले 6. बँकेचं मार्जिन 25 टक्के धरलं तर उचल साडेचार लाखांपर्यंतच, मग मंजुरी 5 लाखांची असली तरी. आकडा फुगवून लिहू नका. बँकेचा माणूस दुकानात येऊन पोती मोजू शकतो.

टेम्पो कर्जावर घेतला असेल तर आरसी बुक काढून बघा, तिथेही हाच शब्द आहे. शेवटचा हप्ता भरला म्हणून तो आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओकडून बोजा उतरवून घ्या, नाहीतर गाडी विकताना गिऱ्हाईक समोर उभं आणि तुम्ही बँकेत चकरा मारताय.